रेड्याची साक्ष

पैठणला रेडा वेद बोलला की नाही, यावर लोक पिढ्यानपिढ्या भांडत आलेत. माझं भांडण वेगळं आहे. रेड्यावर बोलायची पाळी आलीच का?

चार पोरं होती, ज्ञानदेव आणि त्यांची तीन भावंडं. बाप संन्यास घेऊन, गुरूच्याच सांगण्यावरून, परत संसारात आलेला. आळंदीनं घर वाळीत टाकलं, बिऱ्हाड सिद्धबेटावर गेलं, आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. तेवढ्यानंही भागलं नाही. मुंजी करायच्यात ना, मग पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणा, असं सांगून पोरांना वाटेला लावलं. परंपरेनं या घटनेला शके १२०९, म्हणजे इसवी सन १२८७ हे साल दिलंय. शुद्धिपत्र म्हणून जे दाखवलं जातं ते अस्सल की मागाहून रचलेलं, हा वाद पंडितांचा; त्यांनी तो निवांत घालावा. मला एवढंच दिसतं की हद्द ओलांडली असेल तर ती बापानं, आणि कागद मागितला पोरांकडं. अख्ख्या आळंदीत एक शेजारी उठून म्हणाला नाही की ही पोरं आमच्या डोळ्यांदेखत वाढली, मी यांना ओळखतो. माणसं तोंड शिवून बसली, म्हणून जनावराला तोंड उघडावं लागलं.

आणि जनावर तरी कुठलं? पखालीचा रेडा. पाठीवर पाण्याचं कातडं घेऊन दिवसभर घाट चढणारा; आमच्या भाषेत कॅज्युअल लेबर. त्याचंही नाव ज्ञाना, म्हणून तर चेष्टा झाली. त्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ उठले ते ज्ञानदेवांच्या अंगावर. कीर्तनात वेदांचा भाग रंगतो, मी वळापाशी थांबतो. १९०५ साली शिकागोत निघालेल्या ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या संघटनेचं ब्रीद असं होतं की एकाला झालेली इजा ती सगळ्यांना झालेली इजा. आमच्या युनियनच्या ऑफिसात ते मराठीत लाल रंगानं भिंतीवर काढलं होतं. ते वाचताना मला शिकागो कधी आठवलं नाही, पैठणच आठवायचं.

त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे. आळंदीहून चाकणला जा, नाशिक रस्ता धरा, खेड, मंचर, नारायणगाव मागं टाका की आळे आलंच. ज्या रस्त्यानं चाकणच्या कंपन्यांचे कंटेनर जातात, ज्या रस्त्यानं मे २०२० मध्ये डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडची माणसं चालत निघाली, त्याच रस्त्यावर एका राबणाऱ्या जनावराला लोक हात जोडतात.

मी आळंदीचाच, गळ्यात माळ आहे. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला सरफेस ग्राइंडर चालवला, युनियनच्या कमिटीवर होतो, निवृत्तीनंतर मरकळ रस्त्याकडच्या खोल्यांचं भाडं खातो. वारकरी, युनियनवाला आणि घरमालक असे तिघं माझ्यात राहतात आणि तिघांचं आपसांत पटत नाही. हा लेख त्या भांडणातून आलाय.

२०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय गृहखात्यानं राज्यांना सांगितलं की बांगलादेश आणि म्यानमारमधून बेकायदा आल्याचा ज्यांच्यावर संशय आहे, त्यांची कागदपत्रं तीस दिवसांत तपासा. जूनमध्ये मीरा रोडला काम करणाऱ्या, मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या एका गवंड्याला पोलिसांनी उचललं. तिथून तो सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात गेला आणि रात्रीच्या अंधारात त्याला बांगलादेशात ढकललं. पश्चिम बंगाल सरकारनं कागद पुढं केल्यावर त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी काहींना परत आणावं लागलं. बातमी वाचून आमच्या पारावर लोक हळहळले, ‘अरेरे, भारतीय निघाला की!’ म्हणजे भारतीय निघाला नसता तर हळहळायचं काही कारण नव्हतं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९९८ च्या जुलैमध्ये मुंबईत जरीकाम करणाऱ्या बंगाली मुसलमानांना पोलीस बंदोबस्तात हावडा गाडीत बसवून धाडलं होतं. ती गाडी उलुबेरिया स्टेशनात जमावानं अडवली आणि माणसं सोडवली. फॉरवर्ड ब्लॉकचा आमदार त्या जमावाच्या पुढं होता. कायदाही जुन्याच वळणाचा. परकीय नागरिकांचा १९४६ चा कायदा असो की १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेला नवा, आपण परके नाही हे शाबीत करायचा भार ज्याच्यावर संशय त्याच्यावरच. शुद्धिपत्र तूच आण.

आता आमच्या पंचक्रोशीकडं या. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी: पूर्वी इथं बाजरी आणि कांदा होता, आता गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग होतात. कंपनीच्या आत जाणारा पर्मनंट थोडा, कंत्राटी फार. आणि कंपनीची भिंत, शेड, रस्ता बांधणारा तर कुणाच्याच हिशेबात नाही. बीड-नांदेड-हिंगोलीची पोरं, बिहार-युपीची, ओडिशाची, झारखंडची, बंगाल-आसामची. चाकणला खोली परवडली नाही की ती आळंदीकडं सरकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पलीकडं कुदळवाडीत महापालिकेनं भंगाराच्या गोदामांसकट हजारो बांधकामं पाडली. कारणं अनधिकृत बांधकामाची आणि इंद्रायणीच्या प्रदूषणाची दिली गेली. (इंद्रायणीला फेस येतो तो मी रोज बघतो. तो सगळा भंगारवाल्यांनी केला, असं म्हणणाऱ्यांनी नदीकाठानं वरपर्यंत एकदा चालत जावं.) पण चहाच्या टपरीवर एकच शब्द होता, बांगलादेशी.

माझ्या एका खोलीत मालदा जिल्ह्यातला एक सेंट्रिंगवाला राहतो. त्याची कागदांची पिशवी मी बघितलीय. साडीच्या दुकानातली, चेन लावलेली प्लॅस्टिकची पिशवी. आत आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्डाची झेरॉक्स, शाळेचा दाखला, आणि बापाच्या जमिनीचा बंगालीतला उतारा, घडीवर झिजून मधली एक ओळ गेलेला. सिमेंटच्या पाण्यानं त्याच्या बोटांच्या पेरांची कातडी सोललेली असते, त्यामुळं तो कागद बोटांनी धरत नाही, दोन तळव्यांच्या मध्ये धरतो.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्याला चौकीत बोलावलं, सकाळपासून बसवून ठेवलं. मी भाडेकरार घेऊन गेलो. आधारावर नावापुढं ‘एस. के.’ होतं आणि मतदार कार्डावर ‘शेख’. बंगालात शेख हे इंग्रजीत दोन अक्षरांत उरकायची रीत आहे. साहेबांना ती आद्याक्षरं वाटली. ‘एस म्हणजे काय? के म्हणजे काय? यात वडलांचं नाव कुठंय?’ असं ते विचारत राहिले आणि हा ‘शेख, साहेब, शेख’ म्हणत राहिला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना वरून आकडा मागितलेला होता आणि बंगाली येत नव्हतं.

मग त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. स्पीकरवर ठेकेदार म्हणाला, ‘असा कोणी माझ्याकडं कामाला नाही.’

मला त्याचा राग आला, आश्चर्य वाटलं नाही. हजेरी त्याच्या खिशातल्या वहीत. मस्टर नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही. ‘हा माझा माणूस’ म्हणायचं तर ते सगळं अंगावर घ्यायचं. हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन कुठं जातो हे ज्याला सगळ्यांत पक्कं ठाऊक, त्यानंच कानावर हात ठेवले.

संध्याकाळी शेजारच्या खोलीतला बीडचा पोरगा साइटवरून थेट चौकीत आला, हेल्मेट काखेत. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुक्कामाच्या ठिकाणी गावचा पाटील येऊन ‘कुठले रे तुम्ही?’ विचारतो तेव्हा काय वाटतं, हे त्याला कुणी शिकवायला नको. त्याच्याकडं कागद नव्हता. मोबाइलमध्ये फोटो होता, स्लॅब टाकायच्या दिवशीचा. दोघं घोट्यापर्यंत काँक्रीटमध्ये उभे. ‘याच्या प्लेटा, माझी सळई. आम्ही एकाच स्लॅबवर असतो,’ एवढंच तो म्हणाला. साहेब म्हणाले, यानं नागरिकत्व सिद्ध होत नाही. बरोबरच होतं त्यांचं. रात्री मालद्याच्या ठाण्याशी फोन लागला, तिथून खात्री झाली आणि त्याला सोडलं. कायद्याच्या दृष्टीनं बीडच्या पोरानं काहीच सिद्ध केलं नाही. पण त्या दिवसभरात ‘मी याला ओळखतो’ असं भाड्याचा संबंध नसताना म्हणणारा तो एकटा.

चाकणच्या एका कंपनीतल्या युनियनला मी अधूनमधून सल्ला द्यायला जातो. तिथं मी विषय काढला, की अशा प्रकरणात युनियननं चौकीत माणूस पाठवावा. पहिला प्रश्न आला, ‘तो आपला मेंबर आहे का?’ दुसरा आला तो नांदेडच्या कंत्राटी पोराकडून, आणि तो जास्त खरा होता. ‘काका, आम्हाला कुणी विचारत नाही, तुम्ही बंगाल्याचं घेऊन बसलात.’ तिसरा कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांत होता. खरंच बांगलादेशी असला तर?

या तिसऱ्याला बगल देऊन चालत नाही. ‘ते बिचारे भारतीयच आहेत’ एवढ्यावर थांबणं सोपं आहे, बहुतेक पुढारी तिथंच थांबतात. मी थांबत नाही. देशात कोण राहील हे ठरवायचा अधिकार सरकारला आहे, हे मला मान्य आहे. गावाला वेस असते. पण तो बांगलादेशी ठरला तरी त्यानं टाकलेला स्लॅब आपल्या डोक्यावर आहे आणि त्याची मजुरी ठेकेदाराकडं बाकी आहे. घटनेच्या २१ व्या कलमातलं जीविताचं संरक्षण नागरिकापुरतं नाही, कुठल्याही व्यक्तीला आहे. अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करायचं, हा नियमही पासपोर्ट बघून लावायचा नाही. तेव्हा त्याला जायला सांगायचं असेल तर दिवसाढवळ्या, सुनावणी करून, त्याची मजुरी हातात देऊन सांगा. तोपर्यंत त्याच्या शेजारी उभं राहायला मला त्याच्या जन्मगावाची गरज नाही.

आणि नांदेडच्या पोराला मी दुसरंच सांगितलं. म्हटलं, बाबा, ठेकेदाराला हा मालद्याचा माणूस हाकलायचा नसतो. हाकलता येईल असा ठेवायचा असतो. एका फोननं जो गायब होऊ शकतो तो ओव्हरटाइम मागत नाही, पट्टा लावल्याशिवाय वर चढणार नाही म्हणत नाही. त्याचा दर पडला की त्याच्या शेजारचा तुझा दर पडतो. त्याला हे पटलं असं नाही. तो म्हणाला, ‘मग त्याला काढला तर माझा दर चढेल.’ यावर माझ्याकडं उत्तर होतं, की त्याच्या जागी उद्या तुझ्याच तालुक्यातला, तुझ्याहून गरजू कोणी येईल आणि त्यालाही मस्टर नसेल. पण शिफ्ट सुटली होती आणि बस लागली होती.

आपला मेंबर आहे का, असं न विचारणारी परंपराही आमच्याकडं आहे. आमच्या खेड तालुक्यातलंच कन्हेरसर हे गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचं मूळ गाव. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली. रविवारची सुट्टी मागताना त्यांनी खंडोबाचा वार पुढं केला आणि १८९० मध्ये ती पदरात पाडली. खंडोबाच्या नावानं मिळालेली सुट्टी मदनपुऱ्याच्या मुसलमान विणकऱ्यालाही मिळाली, तुझा खंडोबाशी काय संबंध असं कुणी विचारलं नाही.

पण आमच्या परंपरेला फार डोक्यावर घेऊ नये, हेही मला सांगायचंय. चोखोबांची कथा घ्या. मंगळवेढ्याला गावकूस बांधायला मजूर नेले, कूस कोसळली, चोखोबा इतरांबरोबर गाडले गेले. नामदेव गेले. हाडांच्या ढिगातून ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती हाडं त्यांनी ओळखून उचलली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. एका मजुराची ओळख पटवायला दुसरा माणूस इतक्या लांबून गेला, याहून मोठी साक्ष मला माहीत नाही. आता पुढचं. त्या ढिगात बाकीचे मजूर होते. त्यांच्या हाडांचं काय झालं? कुठल्याही कीर्तनात येत नाही. त्यांतून नाम ऐकू आलं नाही, म्हणून ती तिथंच राहिली. मीरा रोडचा गवंडी भारतीय निघाला म्हणून परत आला, तेव्हा मला ती ढिगात राहिलेली हाडं आठवली. मेंबर आहे का, असं विचारणारी युनियन आणि नाम घेतो का, असं विचारणारी भक्ती यांत मला फार अंतर दिसत नाही.

आमच्याकडं याचं तयार उत्तर आहे, अद्वैत. सगळ्यांत एकच आहे, मग आपलं-परकं कसलं? कीर्तनात हे फार गोड लागतं, कारण सगळ्यांत एकच आहे म्हटल्यावर कुणा एकाला काही द्यावं लागत नाही. वारीत आपण पोलिसालाही माऊली म्हणतो, टँकरवाल्यालाही. माऊलींचे अश्व कर्नाटकातल्या अंकलीहून येतात, त्याचं कौतुक करतो. आणि पालखी निघून गेल्यावर घरमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, बंगाल्यांना खोल्या देऊ नका. पाठवणाऱ्याच्या फोटोत कपाळावर बुक्का असतो.

तरी मी अद्वैत सोडत नाही, कारण ज्ञानदेवांचं अद्वैत असं पळवाट काढू देत नाही, असं मला वाटतं. ‘अमृतानुभवा’त त्यांनी अज्ञानवाद खोडून काढलाय. जग ही भ्रमातून उठलेली सावली नाही, त्या एकाचाच विलास आहे, असा त्यांचा पक्ष. मग समोरचा माणूस खरा, त्याची सोललेली पेरं खरी, आणि काटेरी तारही खरी. जग मिथ्या मानणाऱ्याला सीमाही मिथ्या म्हणून मोकळं होता येतं. ज्ञानदेवांच्या माणसाला ती सोय नाही. त्याला चौकीत जाऊन बसावं लागतं. पैठणला वळ उठले ते सगळ्या विश्वाच्या पाठीवर नव्हे, एका पोराच्या पाठीवर, आणि तेही मोजता येतील असे. रेडा कुणाच्या मालकीचा, कुठल्या गावचा, हे त्या पोरानं आधी विचारून घेतलं नव्हतं.

असं शेजारी उभं राहणाऱ्या युनियनही आहेत. अमेरिकेत २०२५ च्या मार्चमध्ये मेरीलँडमधल्या एका शीटमेटलच्या शिकाऊ कामगाराला एल साल्वादोरच्या तुरुंगात धाडलं. त्याला तिथं पाठवू नये असा न्यायाधीशाचा आदेश आधीपासून होता. चूक झाली असं सरकारच्या वकिलानंच कोर्टात कबूल केलं. त्याची युनियन, स्मार्ट नावाची, पहिल्यापासून जाहीरपणे सांगत राहिली की हा आमचा अप्रेंटिस आहे, परत आणा. जूनमध्ये आणलं, आणल्या आणल्या दुसरा खटला लावला. त्याच जूनमध्ये लॉस एंजेलिसला अशाच धरपकडीच्या वेळी सेवा कामगारांच्या संघटनेचा कॅलिफोर्नियाचा अध्यक्ष डेव्हिड ह्युर्टा याला अटक झाली. शीटमेटलचा शिकाऊ पोरगा म्हटल्यावर मला लगेच चेहरा दिसला. असली पोरं मी टूलरूममध्ये हाताखाली शिकवलीत. बंगालातही परियायी श्रमिक ऐक्य मंचासारख्या संघटना अडकलेल्यांसाठी धावपळ करतायत. आमच्या पट्ट्यात बड्या संघटनांचे बोर्ड प्रत्येक चौकात आहेत. चौकीत मला त्यांतला कुणी भेटला नाही.

म्हणून मी चाकणच्या त्या युनियनच्या कमिटीला मोठं काही मागितलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांबद्दल माझ्या तक्रारी ढीगभर आहेत, पण प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं, हे त्यांत आहे. ते धरून मागणीपत्रात एक कलम टाका म्हटलं: गेटच्या आत आणि गेटच्या भिंतीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठेकेदारानं नेमणूकपत्र आणि पगारपावती द्यावी, नाव त्याच्या कार्डावर आहे तसंच लिहून. आणि कुणाला चौकीत बसवलं तर त्याच्याबरोबर काम केलेल्या दोघांनी, पर्मनंट असोत की कंत्राटी, जाऊन लेखी द्यावं की हा आमच्याबरोबर राबतो. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नाही. ठेकेदारानं कानावर हात ठेवले तर तिथं दुसरं कुणीतरी बोललेलं असावं म्हणून.

मालद्याचा माणूस नोव्हेंबरात गावी गेला, मतदारयादीच्या फेरतपासणीसाठी २००२ च्या यादीत बापाचं नाव शोधायला. खोलीचं भाडं तिथून पाठवतो.

कलम मंजूर झालं, जेमतेम. नांदेडच्या पोराला मत नव्हतं, कारण कंत्राटी मेंबर होऊ शकत नाही. त्यावरून तो बैठकीबाहेर उभा राहून सेक्रेटरीशी भांडला आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं, तो विषय आता पुढच्या बैठकीत आहे. लेखी द्यायला कोण जाणार, तर दोघांनी नावं दिली. अडलंय ते वकिलाच्या फीवर. मी म्हटलं, खंडेनवमीच्या पूजेच्या वर्गणीतले उरलेले वापरा. खजिनदार म्हणतो, देवाचे पैसे चौकीत कसे नेणार? सध्या तो युनियनची घटना वाचतोय.